बीअर गेम: ग्राहकाची मागणी एकदाच बदलते, मग कारखान्यात गोंधळ का उडतो?

मॅनेजमेंटच्या वर्गात एक खेळ नुकताच संपलेला असतो. टेबलावर चिठ्ठ्या आणि नाणी पसरलेली असतात, खेळणारे वैतागलेले असतात. आधी मालाचा तुटवडा झाला, मग माल इतका आला की ठेवायला जागा उरली नाही. शिक्षक प्रत्येकाला कोरा कागद देतात आणि सांगतात, 'ग्राहकाची मागणी दर आठवड्याला कशी बदलत गेली असेल, त्याचा आलेख काढा.'

दुकानदार झालेला खेळाडू सोडला तर ग्राहकाची मागणी कुणीच पाहिलेली नसते. बहुतेक जण आलेखात मोठी लाट काढतात. मागणी आधी खूप वाढली आणि मग एकदम पडली, अशी त्यांची खात्री असते.

मग शिक्षक खरी मागणी दाखवतात. पहिले चार आठवडे दर आठवड्याला ४ पेट्या. पाचव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत दर आठवड्याला ८ पेट्या. बस्स, एवढंच. मागणी एकदाच बदलली होती.

मग ती लाट आली कुठून? हाच प्रश्न पडावा यासाठी हा खेळ तयार झाला. त्याचं नाव आहे 'बीअर गेम'.

बीअर गेम म्हणजे काय?

पुरवठा साखळी कशी चालते आणि ती का बिघडते, हे अनुभवातून शिकवणारा हा वर्गातला खेळ आहे. त्यात खरी बीअर नसते. बीअरच्या पेट्यांच्या जागी नाणी किंवा सोंगट्या वापरतात. काही ठिकाणी बीअरऐवजी ज्यूस किंवा सरबताचं नाव घेऊनही हा खेळ खेळतात.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, हा खेळ जन्माला आला. पीटर सेंगे यांच्या १९९० साली आलेल्या 'द फिफ्थ डिसिप्लिन' या पुस्तकात त्याची सविस्तर ओळख आहे. त्यामुळे तो बिझनेस स्कूलच्या बाहेरही पोहोचला. आज जगभरातल्या मॅनेजमेंट आणि इंजिनीअरिंगच्या वर्गांत तो खेळला जातो.

या खेळामागे कोण होतं?

या खेळामागचा विचार जे फॉरेस्टर यांचा. ते मुळात इलेक्ट्रिकल इंजिनीअर होते. एमआयटीत त्यांनी 'व्हर्लविंड' या सुरुवातीच्या काळातल्या संगणकाच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं होतं. १९५६ साली ते तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये दाखल झाले.

तिथे त्यांची गाठ जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही लोकांशी पडली. कंपनीच्या केंटकी राज्यातल्या कारखान्यांत घरगुती उपकरणं बनत. तिथे कधी तीन-चार पाळ्यांत काम करावं लागे आणि काही वर्षांनी अर्ध्या कामगारांना घरी बसवावं लागे. बाजारातली मंदी-तेजी हे त्याचं सोपं उत्तर होतं, पण ते कुणाला पुरेसं वाटत नव्हतं.

फॉरेस्टर यांनी वहीच्या पानावर रकाने आखले: साठा किती, कामगार किती, ऑर्डर किती. या परिस्थितीत कंपनी काय ठरवेल, हे ते आठवड्या-आठवड्यानं पेन्सिलीनं मांडत गेले. बाहेरची मागणी स्थिर धरली, तरी कामगारांची संख्या खालीवर होत राहू शकते, असं त्यातून दिसलं. चढउताराचं कारण कंपनीच्या स्वतःच्या निर्णयांच्या रचनेतच होतं.

१९५८ साली त्यांनी हे विचार 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये मांडले. १९६१ साली त्यांचं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हे पुस्तक आलं. यातूनच 'सिस्टिम डायनॅमिक्स' ही अभ्यासशाखा उभी राहिली. बीअर गेम हा तिचा सगळ्यात लोकप्रिय धडा.

खेळ कसा खेळतात?

एका संघात चार भूमिका असतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. ग्राहक दुकानदाराकडून घेतो, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून, तो वितरकाकडून आणि वितरक कारखान्याकडून.

खेळ आठवड्यांत पुढे सरकतो. प्रत्येक खेळाडू दर आठवड्याला चार कामं करतो:

- वरून आलेला माल साठ्यात घेणं
- खालून आलेली ऑर्डर, आणि आधीची बाकी असेल तर तीही, पुरवणं
- उरलेला साठा किंवा राहिलेली बाकी लिहून ठेवणं
- वर किती पेट्यांची ऑर्डर द्यायची ते ठरवणं

यातल्या शेवटच्या कामातच काय तो निर्णय असतो. बाकी सगळा हिशेब.

सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ पेट्यांचा साठा असतो. साठ्यात पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च धरतात. मागणी असूनही देता न आलेल्या प्रत्येक पेटीमागे एक डॉलर. म्हणजे माल कमी पडणं हे माल पडून राहण्यापेक्षा दुप्पट महाग. ज्या संघाचा एकूण खर्च सगळ्यात कमी, तो जिंकतो.

दोन नियम मात्र खेळ अवघड करतात. पहिला, खेळाडूंनी आपापसांत बोलायचं नाही. फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. दुसरा, ऑर्डर वर पोहोचायला वेळ लागतो आणि माल खाली यायलाही वेळ लागतो. दुकानदारानं आज ऑर्डर दिली, तर वर माल शिल्लक असला तरी तो हातात पडायला साधारण चार आठवडे जातात.

मागणी दुप्पट झाल्यावर काय होतं?

दुकानदाराचा हिशेब पाहू. पाचव्या आठवड्यात मागणी ४ वरून ८ होते. पुढचे चार आठवडे मात्र जुन्या ऑर्डरींचाच माल येत राहणार, म्हणजे दर आठवड्याला ४ पेट्या. येणार ४, जाणार ८.

त्यामुळे १२ चा साठा आधी ८ होतो, मग ४, मग शून्य. आठव्या आठवड्यात ४ पेट्यांची बाकी राहते. पाचव्या आठवड्यातच शहाणपणानं ८ ची ऑर्डर दिली होती, तरीही हे टळत नाही.

आता साठा संपत आलेला दिसतोय आणि दिलेली ऑर्डर अजून आलेली नाही. दुकानदार काय करेल? समजा, त्यानं सहाव्या आठवड्यात १२ आणि सातव्यापासून दहाव्यापर्यंत दर आठवड्याला १६ पेट्या मागवल्या. पाचव्या आठवड्यातल्या ८ धरून या सहा आठवड्यांत त्यानं एकूण ८४ पेट्या मागवल्या.

गरज किती होती? तेवढ्याच काळाची विक्री ४८. शिवाय ४ ची बाकी फेडायला आणि १२ चा साठा पुन्हा उभा करायला १६. एकूण ६४. म्हणजे २० पेट्या जास्तीच्या मागवल्या. वाटेत किती माल आहे हे मोजलं असतं, तर त्या मागवाव्या लागल्या नसत्या.

आता घाऊक व्यापाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याला ग्राहक दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की दुकानदाराची ऑर्डर ४ वरून १६ झाली. मागणी चौपट झाली, असं समजून तो आणखी जास्त मागवतो. वितरक त्याहून जास्त. माल वेळेवर येत नाही म्हणून प्रत्येक जण पुन्हा ऑर्डर वाढवतो.

काही आठवड्यांनी सगळ्या ऑर्डरींचा माल एकदम यायला लागतो. साठे भरून वाहतात, सगळे ऑर्डर थांबवतात आणि कारखान्याला कामच उरत नाही. ग्राहक मात्र या सगळ्या काळात शांतपणे ८-८ पेट्या घेत असतो.

फीडबॅक लूप म्हणजे नेमकं काय?

आपल्या कृतीचा परिणाम फिरून आपल्याकडेच येतो आणि त्यावरून आपण पुढची कृती ठरवतो, तेव्हा फीडबॅक लूप तयार होतो.

थंडीच्या दिवसांत बाथरूममध्ये गिझरचा नळ सोडला, की पाणी आधी गारच येतं. माणूस गरम पाण्याचा नळ आणखी सोडतो. थोड्या वेळानं कढत पाणी येतं, मग तो घाईनं गार पाणी वाढवतो. मग पुन्हा गारठा. नळ ठीक, गिझर ठीक, माणूसही समजूतदार. घोटाळा होतो तो नळ फिरवणं आणि पाणी बदलणं यांच्यामधल्या वेळेमुळे.

हा 'तोल साधणारा' लूप झाला. कमी असेल तर वाढवा, जास्त असेल तर घटवा. असा लूप एरवी व्यवस्था स्थिर ठेवतो. पण त्यात विलंब आला आणि माणसानं तो लक्षात घेतला नाही, की तोच लूप व्यवस्थेला हेलकावे देतो.

बीअर गेममध्ये दुसऱ्या प्रकारचा लूपही तयार होतो, तो 'वाढत जाणारा' लूप. तुटवडा दिसला म्हणून ऑर्डर वाढते, ऑर्डर वाढली म्हणून वरच्याचा साठा संपतो, त्यामुळे माल आणखी उशिरा येतो आणि तुटवडा आणखी मोठा दिसतो.

संशोधनातून काय समोर आलं?

एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टर्मन यांनी या खेळाच्या नोंदींचा अभ्यास करून १९८९ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यासाठी ११ संघांच्या, म्हणजे ४४ खेळाडूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या.

संघांचा सरासरी खर्च सुमारे २,००० डॉलर निघाला. ऑर्डर देण्याचा एक नीट नियम पाळला असता, तर तोच खर्च सुमारे २०० डॉलर झाला असता. दहापट फरक.

ऑर्डरींची लाट वर जाताना कशी फुगते, हेही त्यात दिसलं. ग्राहकाची मागणी ८ च्या वर कधीच गेली नाही. दुकानदाराची सर्वात मोठी ऑर्डर मात्र सरासरी १५ पेट्यांची होती, घाऊक व्यापाऱ्याची १९, वितरकाची २७ आणि कारखान्याची ३२.

कारणही सापडलं. खेळाडू हातातल्या साठ्याकडे बघून निर्णय घेत होते. आधीच मागवलेल्या, पण अजून न पोहोचलेल्या मालाला त्यांनी जेवढं महत्त्व द्यायला हवं होतं, त्याच्या सरासरी एक तृतीयांशच दिलं. चिठ्ठी सरकवली, की ती ऑर्डर जणू डोक्यातून जात होती.

गोंधळ का झाला, असं विचारल्यावर मात्र बहुतेकांचं बोट बाहेर जातं. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला बोल लावतो, कारखाना वितरकाला, आणि शेवटी सगळे ग्राहकाला.

'बुलव्हिप इफेक्ट' हे नाव कशावरून पडलं?

बुलव्हिप म्हणजे लांब आसूड. मुठीला छोटासा झटका दिला, तरी दुसरं टोक जोरात उसळतं. पुरवठा साखळीतही ग्राहकाच्या बाजूनं झालेला छोटा बदल कारखान्याच्या बाजूला मोठा होत जातो.

हे नाव प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीच्या डायपरमुळे प्रसिद्ध झालं. बाळांना डायपर लागतात ते साधारण एकाच गतीनं. दुकानांतली विक्रीही फारशी बदलत नव्हती. तरी वितरकांकडून कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरींमध्ये मोठे चढउतार होते आणि कंपनी कच्च्या मालासाठी देत असलेल्या ऑर्डरींमध्ये त्याहून मोठे.

हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन वांग या संशोधकांनी १९९७ साली याची चार कारणं मांडली:

- अंदाज: प्रत्येक टप्पा ग्राहकाच्या नव्हे, तर खालच्या टप्प्याच्या ऑर्डरवरून अंदाज बांधतो.
- एकगठ्ठा खरेदी: रोज थोडं मागवण्याऐवजी महिन्यातून एकदाच भरपूर मागवलं जातं.
- किमतीतले बदल: सवलत असताना गरजेपेक्षा जास्त माल भरून ठेवला जातो.
- तुटवड्यातली चढाओढ: मागू तेवढं मिळणार नाही, हे माहीत असल्यानं मुद्दाम जास्त मागितलं जातं.

स्टर्मन यांनी माणसाच्या निर्णयातल्या चुकीवर बोट ठेवलं होतं. या तिघांचं म्हणणं थोडं वेगळं होतं. प्रत्येकानं आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला, तरी साखळीची रचनाच अशी असेल तर लाट येणारच.

प्रत्यक्षात असं घडतं का?

२०२० साली कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये जगभरातल्या वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर कमी केल्या. त्याच वेळी लॅपटॉप आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मागणी वाढली आणि चिप बनवणाऱ्यांची क्षमता तिकडे वळली. वाहनांची मागणी अंदाजापेक्षा लवकर परतली, तेव्हा चिप मिळेनात. एक चिप तयार व्हायला काही महिने लागतात. हा झाला खेळातला विलंब. मग तुटवड्याच्या भीतीनं गरजेपेक्षा जास्त मागवणंही सुरू झालं.

भारतालाही याची झळ बसली. सप्टेंबर २०२१ मधलं हरियाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असं मारुती सुझुकीनं जाहीर केलं. महाराष्ट्रात मोठे कारखाने असलेल्या महिंद्रानं त्याच महिन्यात वाहन विभागात साधारण सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याची घोषणा केली. पुढे २०२२ च्या उत्तरार्धात चित्र उलटलं आणि मेमरी चिपचे साठे पडून राहू लागले.

शेतमालातही याच्यासारखं चक्र दिसतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं किरकोळ बाजारात किलोला १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात भाव इतके पडले, की काही शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतून दिले. टोमॅटोच्या लावणीपासून पहिल्या तोडणीपर्यंत साधारण दोन-अडीच महिने जातात. चढा भाव बघून लावलेलं पीक बाजारात येतं, तोवर इतरांचंही पीक आलेलं असतं.

हे तंतोतंत बीअर गेमसारखं नाही. इथे ऑर्डरच्या चिठ्ठीऐवजी भाव हा संकेत असतो आणि पाऊस, रोग यांचाही वाटा मोठा असतो. अर्थशास्त्रात याला 'कॉबवेब', म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचं प्रारूप म्हणतात. निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली हे नाव दिलं. दोन्हींमधला समान धागा एकच: आजच्या संकेतावर घेतलेल्या निर्णयाचं फळ उशिरा मिळतं, आणि तोच निर्णय त्याच वेळी इतरांनीही घेतलेला असतो.

यावर उपाय काय?

पहिला उपाय, खरी मागणी सगळ्यांना दिसू देणं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी दुकानातल्या विक्रीची माहिती एकमेकांना द्यायला सुरुवात केली. दुसरा, विलंब कमी करणं. तिसरा, थोडं-थोडं आणि नियमित मागवणं. चौथा, तुटवड्याच्या काळात मागणीऐवजी आधीच्या विक्रीच्या प्रमाणात माल वाटणं, म्हणजे फुगवून मागण्यात फायदा उरत नाही.

माहिती दिली की प्रश्न सुटला, असं मात्र नाही. रेचल क्रोसन आणि कॅरन डोनोह्यू यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ग्राहकाची मागणी कोणत्या मर्यादेत बदलेल, हे खेळाडूंना आधीच सांगितलं होतं. तरीही लाट आलीच, कारण वाटेतला माल विसरण्याची सवय कायम होती. साखळीतल्या सगळ्यांचा साठा दाखवल्यावर चढउतार कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत.

खेळाच्या मर्यादा कोणत्या?

खऱ्या बाजारात दुकानदार फोन उचलून विचारू शकतो, ऑर्डर रद्द करू शकतो, दुसऱ्याकडून माल घेऊ शकतो. खेळात किंमत बदलत नाही आणि कारखान्याच्या क्षमतेलाही मर्यादा नसते.

प्रत्यक्ष आकडेवारीतही चित्र सगळीकडे सारखं नाही. जेरार्ड कॅचोन, टेलर रँडल आणि ग्लेन श्मिट यांनी २००७ साली अमेरिकेतल्या उद्योगांची आकडेवारी तपासली. घाऊक व्यापारात बुलव्हिप इफेक्ट दिसला. किरकोळ व्यापारात आणि बहुतेक उत्पादन उद्योगांत तो सहसा दिसला नाही. ठरावीक हंगामात मागणी वाढणार हे आधीच माहीत असेल, तर उद्योग उत्पादन वर्षभरात विभागून घेतात.

वर्गात खेळायचा असेल तर?

चार विद्यार्थी, कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेट्यांसाठी बाटल्यांची झाकणं किंवा चिंचोके एवढ्यावर काम होतं. खेळ ५० आठवड्यांचा आहे असं सांगून साधारण ३६ व्या आठवड्यात थांबवतात, म्हणजे शेवट जवळ आलाय म्हणून कुणी साठा रिकामा करत नाही. मागणीचे आकडे आधी कुणाला सांगायचे नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवायचा तो नंतरच्या चर्चेसाठी. प्रत्येकाकडून आपल्या ऑर्डरींचा आलेख काढून घ्यायचा आणि चारही आलेख शेजारी-शेजारी लावायचे. खेळताना ज्यांनी एकमेकांना दोष दिला, त्यांच्या आलेखांचा आकार जवळपास सारखाच निघतो. मग जागा बदलून पुन्हा खेळायचं. या वेळी प्रत्येकानं चिठ्ठी सरकवण्याआधी एकच आकडा वहीत लिहायचा: आधी मागवलेला किती माल अजून वाटेत आहे.